पंचनाम्याची नकल

गोळीबार चौक, नागपूर
१४ मार्च १९५६

ती. मनोहर भाऊजींस शामलाचा नमस्कार.

ह्यांची तेरवी जेवून तुम्ही परत गेलात, त्यानंतर आज लिहायला बसले. त्या दिवशी उमरेड रोडवर तुम्ही बसलेली प्रवासी मोटर मागून आली म्हणून ह्यांच्या तोंडात आपल्या माणसाच्या हातचं पाणी तरी पडलं. नाहीतर हुडकेश्वरच्या फाट्याजवळ कोण पडलंय हेही कोणाला कळलं नसतं. हे मी विसरणार नाही.

पत्र लिहायचं कारण तुमच्या मामी, माझ्या सासूबाई. त्यांच्या कानावर कोणीतरी घातलं की पोलिसांच्या कागदात ह्यांनी दारू घेतली होती असं लिहिलं आहे. सासऱ्यांच्या दारूत त्यांचं अर्धं आयुष्य गेलं हे तुम्ही जाणता. आता रोज मागाची कांडी भरता भरता हात थांबवतात आणि विचारतात, "खरं सांग वं शामला. तो घेत होता का?" मी शपथ घेते, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

म्हणून मी ठाण्यात गेले. म्हटलं कागदच आणून वाचून दाखवते. सातवी फायनल झालेली आहे, वाचता येतं. तिथे बाबूलाल नावाचे मुन्शी आहेत. ते म्हणाले, "नकल पार्टीलेच भेटते, बाई. तुम्ही पार्टी नाही."

मी विचारलं, "मग पार्टी कोण?"

"एक सरकार, आन् एक डायवर."

"आन् जो मेला तो?"

"तो तर मेला ना," म्हणाले, आणि पान लावायला लागले.

ट्रकवाल्यावर गुन्हाही कायम झाला नाही, तो पुन्हा त्याच रोडवर ट्रक चालवतो. महालातले वकील वामनराव म्हणतात, वर्षाच्या आत नुकसानीचा दावा लावता येतो, पण कागदात काय लिहिलंय ते आधी कळलं पाहिजे. तुम्ही मास्तर आहात, सरकारी कामाची रीत जाणता. काय करू ते कळवा.

शामला


उमरेड
२० मार्च १९५६

गं. भा. शामला वहिनींस मनोहरचा नमस्कार.

पत्र मिळालं. तोंडी मागून कोणी नकल देणार नाही. लेखी अर्ज करावा, त्यावर तिकीट लावावं, आपण मयताची पत्नी असल्याचा दाखला जोडावा आणि पोच घ्यावी. सोबत मसुदा लिहून पाठवला आहे, त्यावरून उतरून घ्या.

मामींसाठी पुन्हा लिहितो, त्यांना वाचून दाखवा. मी ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसलो होतो. दिवेलागणीची वेळ होती. जागेश्वर आमच्या पुढे, आपल्या डाव्या हातानं चालला होता आणि त्याच्या सायकलीच्या दिव्याचा उजेड रस्त्यावर पडलेला मला दिसत होता. समोरून ट्रक आला आणि बैलगाडीला ओलांडण्यासाठी आमच्या बाजूला घुसला. जागेश्वरनं त्या दिवशी काहीही घेतलं नव्हतं. दुपारी तो माझ्याच घरी भाकर खाऊन, साड्यांचा गठ्ठा बांधून निघाला होता.

पोलिसांनी काय लिहिलं ते मला सांगता येणार नाही. माझं लक्ष तेव्हा त्याच्याकडे होतं.

आपला
मनोहर


नागपूर
२ मे १९५६

ती. मनोहर भाऊजींस शामलाचा सा. न.

तुमच्या मसुद्याप्रमाणे अर्ज दिला. पाच आठवड्यांनी उत्तर आलं तेही इंग्रजीत. वामनरावांकडे नेलं. त्यांनी वाचून सांगितलं की अर्जदाराचा प्रकरणाशी संबंध दिसत नाही, सबब नकल देता येत नाही. मी म्हटलं, लग्नाला अकरा वर्षं झाली, याहून जास्त संबंध कसा दाखवू? ते हसले नाहीत. चांगले वाटले मला.

आणखी एक त्यांनी काढलं. ट्रकमालकाला नकल फेब्रुवारीतच मिळाली आहे, अपघातानंतर दहा दिवसांत. ज्याच्या ट्रकानं माणूस मारला त्याच्या कपाटात तो कागद आहे, विमा कंपनीच्या कपाटात आहे, आणि ज्याचा माणूस गेला तिला तो दाखवायचा नाही. मी बाबूलाल मुन्शींना हे बोलून दाखवलं. म्हणाले, "मी का करू? मी तर दहा रुपड्यांचा शिपाई होतो, आता मुन्शी झालो. कायदा मी बनवला का?"

सासूबाईंना तुमचं पत्र वाचून दाखवलं. शांत ऐकलं. मग म्हणाल्या, "मनोहर आपला आहे, तो चांगलंच लिव्हीन. पोलिसाले का गरज खोटं लिव्हायची?" भाऊजी, त्यांचा तुमच्यावर अविश्वास नाही. त्यांना फक्त शिक्क्याचा कागद हवा आहे.

वामनराव विचारतात, तुम्ही साक्ष द्याल का? तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत, आणि तुम्ही शिक्षक. ते म्हणतात याहून चांगला साक्षीदार मिळत नाही.

शामला


उमरेड
१९ मे १९५६

गं. भा. शामला वहिनींस नमस्कार.

परीक्षांमुळे उत्तराला उशीर झाला. आता पोलिस सुपरिंटेंडंट साहेबांच्या नावे अर्ज करा. मसुदा जोडला आहे. खालच्या ठाण्यानं नाकारलं हे त्यात स्पष्ट लिहा, म्हणजे ते फाइल मागवतील.

साक्षीचं आत्ताच काय बोलावं? आधी कागद हाती येऊ द्या. त्यात काय आहे हे पाहिल्याशिवाय साक्षीदाराचं नाव देणं बरोबर नाही असं मला वाटतं. वामनरावांनाही हे पटेल.

सौ. पुष्पलता तुमची आठवण काढते. मामींना नमस्कार सांगा.

मनोहर


नागपूर
२८ ऑगस्ट १९५६

ती. भाऊजींस नमस्कार.

तुमचा मसुदा इतका चांगला होता की साहेबांनी खरंच फाइल मागवली. आता ती ठाण्यात नाही. साहेबांच्या कचेरीतही नाही. तिथून ती आणखी वरच्या मोठ्या कचेरीत गेली, कारण अशा नकला द्याव्यात की नाही यावर वरून सल्ला हवा होता. मी सोमवारी ठाण्यात गेले, ते म्हणाले वर जा. मंगळवारी वर गेले, ते म्हणाले डाक अजून चढली नाही, ठाण्यात बघा. शुक्रवारी पुन्हा वर. एक कारकून म्हणाला, "बाई, तुमचा कागद आत साहेबाच्या टेबलावर आहे, मी डोळ्यानं पाह्यला." मी म्हटलं, दारातून दाखवा. तर म्हणाला, "पाहाले मनाई आहे."

आतापर्यंत एकवीस खेपा झाल्या. माग बंद राहतो तेवढा वेळ. शेजारची मैनाबाई म्हणते, सोडून दे, माणूस तर येत नाही. मला तिचा राग येत नाही. ती खरं बोलते. पण मी सोडलं तर सासूबाई मरेपर्यंत रोज मला तो एक प्रश्न विचारतील, आणि मला भीती वाटते की एक दिवस मीच विचारायला लागेन. परवा पेटी आवरताना मी ह्यांच्या सदऱ्याचा वास घेऊन पाहिला. कशासाठी घेतला हे माझं मलाच समजलं आणि मी तो सदरा परत ठेवून दिला.

तुमचं पत्र तीन महिने नाही. तब्येत बरी आहे ना?

शामला


नागपूर
१२ नोव्हेंबर १९५६

ती. भाऊजी,

फाइल भोपाळला गेली.

या महिन्याच्या एक तारखेपासून नागपूर राजधानी राहिलं नाही हे तुम्ही पेपरात वाचलंच असेल. मी ते मोठ्या कचेरीच्या अंगणात पाहिलं. लाकडाच्या पेट्या, त्यावर डांबरानं आकडे घातलेले, आणि हमाल त्या ट्रकांत चढवत होते. मी एका कारकुनाला विचारलं, माझ्या अर्जाचं काय. तो स्वतःच भोपाळला चालला होता, त्याची बायको जायला तयार नाही म्हणून तो माझ्याशीच बोलत बसला. मग रजिस्टर पाहून म्हणाला, पेटी नंबर एकशे चौदा, काल गेली.

म्हणजे मी अर्ज केला नसता तर कागद अजून ठाण्यात असता. मीच तो ढकलत ढकलत दुसऱ्या राज्यात घालवला. तिकडे लिहिलं तर ते म्हणतील नागपूर आता मुंबई राज्यात आहे, तिकडे विचारा.

६ फेब्रुवारीला वर्ष भरतं. वामनराव म्हणतात, कागद न पाहता दावा लावला आणि उद्या तोच कागद आपल्यावर उलटला तर मी काय करू? तरी शेवटी लावावा लागेल. तुमचं नाव साक्षीला घालायचं का ते आता तरी कळवा.

शामला


उमरेड
२३ नोव्हेंबर १९५६

गं. भा. शामला वहिनींस नमस्कार.

तुमचा त्रास वाचून वाईट वाटलं. तुम्ही करायचं ते सगळं केलंत. माणसाच्या हातात असतं त्यापेक्षा जास्तच केलंत. आता फाइलच राज्याबाहेर गेली तर हा विषय इथेच थांबवावा असं मला मनापासून वाटतं.

ट्रकमालक तसा वाईट माणूस नाही. आमच्या शाळा जिच्या ताब्यात आहेत त्या जनपद सभेवर आहे, त्या कामासाठी भेट होते. त्याच्याकडे शब्द टाकला तर तुमच्या मुलीच्या शिक्षणाची काहीतरी सोय तो करील. कोर्टात गेल्यावर ते दार बंद होईल. मामींना मी नाताळच्या सुट्टीत येऊन समजावतो.

मनोहर


नागपूर
३० नोव्हेंबर १९५६

ती. भाऊजी,

ट्रकमालक तुमच्या ओळखीचा आहे हे मला नऊ महिन्यांनी कळलं.

मुलीची सोय मी कांड्या भरून करीन. तुम्ही शब्द टाकू नका.

शामला


नागपूर
९ जानेवारी १९५७

मनोहर भाऊजींस,

भोपाळला गेलेल्या पेट्यांपैकी काही चुकून गेल्या होत्या, त्या डिसेंबरात परत आल्या. एकशे चौदा नंबरची त्यांत होती. ठाण्यात आता नवे इन्स्पेक्टर आहेत. मी आत गेले तर बाबूलाल मुन्शी त्यांना म्हणाले, "साहेब, ह्या बाईले तो कागद दाखवून टाका. नाहीतर हे रोज येते." वर्षभरात त्यांनी माझ्यासाठी केलेलं हे एक काम.

साहेब म्हणाले, नकल देता येत नाही, लिहून घेता येणार नाही, पण इथे माझ्यासमोर बसून पंचनामा वाचून घ्या. फक्त तेवढी पानं त्यांनी उघडून दिली, बाकीच्या कागदांवर हात ठेवला.

मी दोनदा वाचलं. बाहेर येऊन झाडाखाली बसून आठवेल तसं लिहून काढलं. हिंदीत आहे. सायकलीला दिवा नव्हता. सायकलस्वार अचानक उजव्या बाजूला आला. "घायल के मुँह और कपड़ों से शराब की बू आ रही थी."

खाली दोन पंच. एकाचा अंगठा आहे. दुसऱ्याची सही. सही वाचायची मला गरज पडली नाही. तुमची पत्रं माझ्या पेटीत आहेत, मी ते अक्षर कुठेही ओळखते. 'म'चा डोळा तुम्ही नेहमी भरीव काढता.

काहून, भाऊजी?

शामला


उमरेड
१७ जानेवारी १९५७

शामला वहिनी,

पाच दिवस तुमचं पत्र शाळेच्या कपाटात ठेवलं. पुष्पलतेला दाखवायची हिंमत नव्हती. काल दाखवलं. ती म्हणाली, लिहा, सगळं लिहा, नाहीतर मी लिहिते.

त्या संध्याकाळी आम्ही मोटरीतून उतरलो तेव्हा जागेश्वर जिवंत होता. त्यानं मला ओळखलं. म्हणाला, "साड्या भिजल्या का गा?" त्याच्या डोक्याखाली मी माझं उपरणं ठेवलं. पोलिसांचं लफडं नको म्हणून आमच्या ड्रायव्हरनं त्याला मोटरीत घेतलं नाही, पुढे जाऊन ठाण्यात कळवलं आणि हवालदार जीपमधून आला. ती जीप ट्रकमालकाची होती, मागे त्याचा मुनीम बसलेला. मला तेव्हा त्यात काही वेगळं वाटलं नाही. गाडी आली, आता नेता येईल, एवढंच वाटलं.

मी म्हटलं, "ह्याला आधी इस्पितळात घ्या." हवालदार म्हणाला, "पयले पंचनामा. मंग उचला. इथं लिहिता-वाचता कोणाले येते?" लोकांनी मला पुढे केलं. त्यानं लिहायला घेतलं. मध्येच मला विचारलं, "मास्तर, वास येऊन राहिला का नाही?" मी म्हटलं, "येऊन राहिला, पण तो घासलेटचा आहे. दिवा फुटून त्याच्या अंगावर सांडला." तो म्हणाला, "वास येऊन राहिला ना, बस." आणि लिहिलं.

सही करताना मी वाचलं. पोलिसांनी काय लिहिलं ते सांगता येणार नाही असं मी तुम्हाला लिहिलं होतं, ते खोटं होतं. मी म्हणालो, "हे असं नाही." तो म्हणाला, "तुम्ही सही कराल तर जीप निघंल." जागेश्वर कण्हत होता. मी सही केली. आम्ही त्याला जीपमध्ये घातलं, आणि नागपूरच्या अलीकडे त्यानं प्राण सोडला. ती सही मी पुन्हाही केली असती. त्यासाठी माझी कोणाकडे मान खाली नाही.

पण वहिनी, तुम्ही एक सही पाहिली. मी दोन केल्या आहेत. साहेबांनी ज्या कागदांवर हात ठेवला त्यांत माझं बयान आहे.

तेरवीच्या आधी, बारा दिवसांत, मला ठाण्यात बोलावलं. तिथे घाई नव्हती. जखमी माणूस नव्हता. खुर्ची दिली, चहा दिला. पंचनाम्यात लिहिलं तसंच बयान तयार होतं. मुनीम बाहेर बाकावर बसला होता. आत जाताना मला म्हणाला, "मास्तर, हेडमास्तरीचा ठराव या महिन्यात सभेपुढं येते. मालक तुमचं नाव चांगलं घेतात." बस, एवढंच. कोणी धमकी दिली नाही. मी चहा प्यायलो आणि सही केली. एप्रिलमध्ये मी हेडमास्तर झालो.

त्यानंतर दोन दिवसांनी तुमच्या घरी तेरवी जेवलो.

मी तुम्हाला मसुदे लिहून देत होतो ते फसवायला की मदत करायला, हे मी स्वतःला पुष्कळ विचारलं. मसुदे मी मन लावून लिहीत होतो. त्याच वेळी मला खात्री होती की नकल कोणालाच देत नाहीत. दोन्ही खरं आहे. फाइल भोपाळला गेली हे वाचून त्या दिवशी मला कित्येक महिन्यांनी चांगली झोप लागली. हेही खरं आहे.

हे पत्र तुम्ही कोणालाही दाखवा. मी ते परत मागणार नाही.

मनोहर


नागपूर
५ फेब्रुवारी १९५७

मनोहर भाऊजींस,

वामनरावांनी काल दावा दाखल केला. मुदतीला दोन दिवस राहिले होते. दाव्यात तुमचं नाव साक्षीदार म्हणून घातलं आहे. तुमचं पत्र मी त्यांना दिलं. ते म्हणाले, हे कोर्टात दिलं की हा माणूस आपलाही राहत नाही आणि त्यांचाही. मी म्हटलं, देऊन टाका.

सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. घासलेटपाशी त्यांनी मला थांबवलं आणि ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. साड्यांपाशी त्या रडल्या. ह्यांच्यासाठी त्या वर्षभर मोकळ्या रडल्या नव्हत्या, कारण मनात तो संशय होता. तुमच्या दुसऱ्या सहीपर्यंत आल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मनोहरले लिव्ह. माह्या घरी येऊ नको म्हणा. कोर्टात ये म्हणा."

मी तेच कळवते. माझं स्वतःचं वेगळं काही नाही. रागावून पाहिलं, पण तुम्ही ह्यांच्या डोक्याखाली ठेवलेलं उपरणं मधे येतं. मग पुन्हा तो चहा आठवतो.

शामला


मु. पो. सिर्सी, तहसील उमरेड
६ ऑक्टोबर १९५७

गं. भा. शामला वहिनींस नमस्कार.

तुमची साक्ष व्हायची होती म्हणून त्या दिवशी तुम्हाला बाहेर बसवलं होतं. आत काय झालं ते वामनरावांनी सांगितलंच असेल. तरी माझ्या तोंडून कळावं म्हणून लिहितो.

मी पाहिलं तसं सांगितलं. दिवा, डावी बाजू, बैलगाडी, घासलेट. मग त्यांच्या वकिलानं दोन्ही कागद माझ्यापुढे धरले. विचारलं, "ह्या सह्या तुमच्या?"

"हो."

"वाचून केल्या?"

"हो."

"मग तेव्हा खोटं लिहून दिलं, का आज खोटं सांगून राहिले?"

"तेव्हा."

"म्हणजे खोट्या कागदावर सही करणारे हेडमास्तर आहात तुम्ही."

मी हो म्हणालो. मागे कोणीतरी हसलं. मामी पहिल्या बाकावर होत्या. त्या हसल्या नाहीत, त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या न्यायाधीशांकडे पाहत होत्या.

दुसऱ्या आठवड्यात जनपद सभेकडून खुलासा मागवला. हेडमास्तरी गेली, बदली इथे झाली. एक खोली, चार वर्ग. पुष्पलता म्हणते, इथलं पाणी गोड आहे. तुम्हाला वाईट वाटावं म्हणून हे कळवत नाही. पत्ता बदलला म्हणून कळवतो.

मनोहर


नागपूर
२२ मार्च १९५८

ती. मनोहर भाऊजींस शामलाचा नमस्कार.

निकाल लागला. चूक ट्रकची ठरली. भरपाई मागितली त्याच्या निम्म्याहून कमी, आणि मालक वर अपील करणार म्हणतो, म्हणजे ती हाती कधी पडेल सांगता येत नाही. पण वामनरावांनी मला एक परिच्छेद मराठीत करून दिला. न्यायाधीशांनी लिहिलं आहे की मयतानं मद्य घेतल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही, सायकलीला दिवा होता, आणि पंच साक्षीदारानं स्वतःचं नुकसान करून सांगितलेलं खरं मानण्यास हरकत नाही. शेवटचं वाक्य तुमच्याविषयीचं आहे म्हणून पूर्ण उतरवलं.

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी कागद हातात घेतला, शिक्क्यावरून बोट फिरवलं. दुसऱ्या दिवशी कांडी भरताना हात थांबवला नाही. तुमचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही विषय काढला नाही. सिर्सीला जायला सकाळची मोटर आहे का, एवढं मात्र परवा कोणाला तरी विचारत होत्या.

निकालाची नकल कोर्टातून कोणालाही मिळते हे मला माहीत नव्हतं. खिडकीवर फी भरली, चार दिवसांनी या म्हणाले, चौथ्या दिवशी खरंच दिली. कोणी विचारलं नाही की मी पार्टी आहे का. मी दोन नकला घेतल्या.

दुसरी घेऊन ठाण्यात गेले. बाबूलाल मुन्शींना म्हटलं, पंचनाम्यातलं दारूचं आणि दिव्याचं खोडून टाका, कोर्टानं ठरवलं आहे. ते म्हणाले, "बंद फाइलमंदी खोडखाड करता येत नाही, बाई. आन् केलीच तरी तुम्हाले दाखवता येत नाही." दोन वर्षांपूर्वी मी तिथून रडत आले असते. मी म्हटलं, खोडू नका. हा कागद त्याच फाइलीत, पंचनाम्याच्या वर लावा, आणि लावल्याची पोच मला द्या.

त्यांनी वर पाहिलं. मी बाकावर बसले. मुन्शींनी एक पान लावलं, मग दुसरं. तासाभरानं उठले, फाइल काढली, माझ्याकडे पाठ करून कागद सुईदोऱ्यानं टाचला, रजिस्टरात नंबर घातला आणि पोचेवर शिक्का मारून दिली. जाताना म्हणाले, "हे पयल्यांदा पाह्यलं मी."

तेव्हा ती फाइल आता अशी आहे. खाली तुमच्या दोन सह्या, वर कोर्टाचा निकाल. पुढे ज्याला कोणाला ती उघडायचा अधिकार असेल, त्याला दोन्ही वाचावे लागतील. मला ती उघडता येणार नाही.

शामला